आठ लाखांची ३२०डी आणि तिच्या पाठीमागची चेन

वाचकांचे प्रश्न : वापरलेली आलिशान सेडान

या अंकात एकाच गाडीबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत : बीएमडब्ल्यू ३ सिरीजची २०१२ ते २०१८ या काळातली एफ३० पिढी, त्यातही डिझेल ३२०डी. उत्तरांतले खर्च मुंबई-पुण्यातल्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजचे ढोबळ अंदाज आहेत. अधिकृत वर्कशॉपमध्ये तेच काम बरेच महाग पडते.

प्रश्न : २०१३ ची ३२०डी बघितली आहे. ९२ हजार किलोमीटर झालेत, मालक आठ लाख मागतोय. पिकअप जबरदस्त आहे. गाडी घ्यावी का? खर्चाला किती पैसे बाजूला ठेवावेत? (सांगली)

पिकअपवर जाऊ नका. या इंजिनाचे पिकअप टायमिंग चेन (पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी साखळी) तुटायच्या आदल्या दिवशीही जबरदस्तच असते.

२०१३ च्या गाडीत एन४७ हे दोन लिटरचे इंजिन येते. त्याची टायमिंग चेन पुढे पट्ट्याच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. काळानुसार चेन ताणली जाते, तिला धरून ठेवणारे प्लास्टिकचे गाइड झिजतात, ती ताठ ठेवणारा टेन्शनर कमजोर होतो. चेन तुटली किंवा दाते सोडून सरकली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. २०११ पर्यंतच्या एन४७ इंजिनांत ही तक्रार सर्वाधिक होती. पुढे सुधारणा झाल्या, पण धोका पूर्ण गेला नाही. तेल बदलायला उशीर केलेल्या गाडीत तर नाहीच.

म्हणून गाडी बघायला सकाळी जा, आणि त्याआधी ती सुरू करायची नाही असे मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिन सुरू करून कान इंजिनाच्या मागच्या भागाशी, काचेच्या बाजूला न्या. डिझेलची टकटक असणारच. तिच्यापेक्षा वेगळी, धातू घासल्यासारखी खरखर येते का ते ऐका. मग कोणाला तरी आरपीएम १५०० ते २००० च्या दरम्यान हळूहळू वर-खाली करायला सांगा. खरखर आरपीएमबरोबर वाढत असेल, तर ती चेनचीच धरून चाला.

चेन बदलायला गिअरबॉक्स तरी उतरवावा लागतो, नाहीतर इंजिन बाहेर काढावे लागते. काम सव्वा ते दोन लाखांचे. ते करायचेच ठरले तर नुसती चेन बदलू नका. वरची-खालची चेन, सगळे गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट आणि मागचे क्रँक सील एकदमच बदला, कारण तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे परवडणारे नाही. तुटल्यानंतरचा खर्च याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो.

सर्व्हिस बुकात तेल कधी कधी बदलले ते बघा. डॅशबोर्डवरचा संगणक सर्व्हिस सांगायला फार उशीर करतो. आपल्या गर्दीच्या, उष्ण शहरांत ८ ते १० हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यातले जे आधी येईल तेव्हा, तेल बदलावे. तेल बीएमडब्ल्यूच्या लॉन्गलाइफ-०४ मान्यतेचे ५डब्ल्यू-३०, साधारण ५.२ लिटर, फिल्टरसह.

आता पैशांचे. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. तुम्ही आठ लाखांची गाडी घेताय, पण भाग तीस-चाळीस लाखांच्या गाडीचे लागणार. पहिल्या वर्षासाठी किमान अडीच लाख बाजूला असतील तरच व्यवहार करा. ते नसतील तर याच पैशात कमी वयाची साधी सेडान घ्या.

प्रश्न : सव्वा लाख किलोमीटर झालेत. दुसरा-तिसरा गिअर पडताना हलका झटका बसतो. सर्व्हिसवाले म्हणतात, गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे आहे, हात लावू नका. (नाशिक)

या गाडीतला आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आहे, आणि त्या कंपनीची शिफारस ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलण्याची आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे.

फिल्टर स्वतंत्र मिळत नाही. तो प्लास्टिकच्या तेलपॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून अख्खा पॅन, त्याचे गॅस्केट आणि नवे बोल्ट घ्यावे लागतात. पॅन काढल्यावर सहा लिटरच्या आसपास तेल बदलले जाते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागात) राहते. तेल झेडएफचे लाइफगार्ड ८ किंवा त्याच मान्यतेचे हवे. सगळ्यात जास्त चुका तेलाची पातळी ठरवताना होतात. गाडी लिफ्टवर पूर्ण सपाट, इंजिन सुरू, सगळे गिअर एकेकदा फिरवलेले आणि तेलाचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) ३० ते ५० अंश : या स्थितीत भरण्याच्या तोंडातून तेलाची बारीक धार येऊ लागली की पातळी बरोबर. इंजिन बंद ठेवून ‘भरले’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. खर्च ३० ते ४५ हजार. जुन्या पॅनमध्ये चुंबकावर करडा लेप असणे साहजिक आहे. धातूचे तुकडे निघाले तर प्रकरण तेलाच्या पलीकडे गेले आहे.

प्रश्न : रोज घर ते ऑफिस सहा किलोमीटर. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा वारंवार लागतो. गॅरेजवाला म्हणतो, काढून टाकू, कायमची कटकट मिटेल. (पुणे)

काढू नका. ते बेकायदा आहे, आणि तो काळा धूर तुमच्याच मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो.

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला इंजिन पुरेसे तापलेले असावे लागते. सहा किलोमीटरमध्ये ते धड तापत नाही. आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गावर अर्धा तास २००० आरपीएमच्या वर सलग चालवा. एवढे करूनही दिवा विझत नसेल तर आधी थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी कूलंटची झडप) तपासायला सांगा. तो उघडाच अडकला की इंजिन ७०-७५ अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्या तापमानाला काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. इंजिन तापल्यावर स्कॅनरवर ९० अंशांच्या जवळपास दिसायला हवे. हा काही हजारांचा भाग न बदलता लाखाचा डीपीएफ बदलला गेल्याची उदाहरणे आहेत.

आणखी एक. कूलंट बाहेर कुठे गळत नसताना पातळी उतरत असेल, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) तपासा. तो आतून गळून आग लागण्याच्या धोक्यामुळे बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये जगभर डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. चासी नंबर सांगून तुमच्या गाडीचे काम बाकी आहे का, हे अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा.

प्रश्न : ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. डिस्क बदलल्या, फरक नाही. (कोल्हापूर)

पुढच्या टेन्शन आर्मचे (चाकाला जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेले असणार. या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. रबर फाटले की तो गळून जातो, काळा ओघळ दिसतो. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. बसवणाऱ्याला आवर्जून सांगा, शेवटचा नट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा. चाके लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात पुन्हा फाटते. त्यानंतर अलाइनमेंट.

प्रश्न : रनफ्लॅटऐवजी साधे टायर चालतील का? (लातूर)

चालतील. गाडी मऊ धावेल, टायरमागे काही हजार वाचतील. पण पंक्चर झाल्यावर ताशी ८० च्या मर्यादेत ८० किलोमीटर जाण्याची सोय संपेल, आणि अनेक ३२०डींत स्टेपनी नसते. डिकीत स्टेपनी, जॅक आणि हवेचा पंप ठेवणार असाल तरच बदला. चारही एकदमच.

प्रश्न : नवी बॅटरी टाकली, पण वर्षभरात बसली. (ठाणे)

बॅटरी एजीएम प्रकारची (काचेच्या तंतूंच्या थरात आम्ल धरून ठेवणारी) होती का, आणि स्कॅनरने तिची नोंद केली होती का? नोंद नसेल तर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. क्षमता वेगळी असेल तर तीही कोडिंगमध्ये बदलावी लागते. एजीएम बॅटरीला २० ते ३० हजार लागतात. नोंदीला दहा मिनिटे.

प्रश्न : दिल्लीची ३२०डी इथल्यापेक्षा दोन लाखांनी स्वस्त मिळते आहे. (छत्रपती संभाजीनगर)

दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे भाव पडत आले आहेत. त्या दोन लाखांतून महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वाहतूक आणि एजंटचा खर्च वजा करा. आधी आपल्या आरटीओत टॅक्सचा आकडा काढून घ्या. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्रही मागा. किलोमीटरचा आकडा मीटरखेरीज गाडीच्या इतर मॉड्यूलमध्येही (छोट्या संगणकांमध्येही) नोंदलेला असतो. बीएमडब्ल्यूचा स्कॅनर असलेल्या तिथल्याच एखाद्या स्वतंत्र गॅरेजकडून ते आकडे ताडून घ्या, आणि मेकॅनिक विक्रेत्याने सुचवलेला नको.