ऐंशीच्या आसपासची एलटीसी पुन्हा, एकटीने: आधी आठवणीचं साल काढा

प्रश्न थोडक्यात असा: ऐंशीच्या आसपास वडिलांच्या एलटीसीवर (नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर) मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि उटी पाहिलं होतं. आता साठीच्या उंबरठ्यावर तीच वाट एकटीने करायची आहे. आठवतं ते एवढंच: समुद्रावरून जाणारी गाडी, लॉजच्या गच्चीवरून दिसणारं गोपुर, तळ्याकाठी काढलेला फोटो आणि मधोमध दाते असलेला रूळ. हे सगळं सापडेल का, आणि कसं आखावं?

बरंचसं सापडेल. पण तिकिटं काढण्याआधी आठवणीचं साल पक्कं करा. मधल्या काळात रूळ, पूल, बसस्थानकं, गावांची नावं सगळं बदललं. साल कळलं की तेव्हा कुठून कुठे कसं जाता येत होतं हे ठरतं आणि निम्मा शोध घरबसल्या संपतो.

घरातले फोटो काढून बसा. कन्याकुमारीच्या फोटोत विवेकानंद शिलास्मारक आहे का? ते १९७० साली झालं, एकनाथजी रानड्यांच्या खटपटीने. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा नसेल तर फोटो २००० च्या आधीचा. कन्याकुमारीला रेल्वेने उतरल्याचं आठवत असेल तर साल १९७९ किंवा नंतरचं, कारण रेल्वे तिथे तेव्हाच पोचली. त्याआधी तिरुनेलवेली किंवा त्रिवेंद्रमहून बसच करावी लागे. रामेश्वरला बसने गेलात असं कोणी सांगत असेल तर ते १९८८ नंतरचं, कारण पांबनचा रस्त्याचा पूल त्या वर्षी सुरू झाला. एखाद्या फोटोत बसच्या अंगावर पांडियन, चेरन किंवा कट्टबोम्मन असं नाव दिसलं तर तो १९९७ च्या आधीचा. परिवहन महामंडळांची ही नावं त्या साली काढून टाकली. फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, वडिलांच्या फायलीतल्या लॉजच्या पावत्या, हेही पाहा. एलटीसीचे कागद जपून ठेवणारी पिढी होती ती.

जुने फोटो फोनमध्ये ठेवून भागणार नाही. मदुराई आणि रामेश्वरच्या मंदिरांत फोन नेऊ देत नाहीत. पोस्टकार्ड आकाराच्या प्रती छापून घ्या. जुन्या दुकानदारांना दाखवायलाही कागदच बरा.

आता काळ. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूचा पावसाळा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलैचे यात्रेकरू मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी अशी वाट धरतात, लॉज भरलेले असतात. मग लागलीच पोंगल, त्या आठवड्यात गाड्यांत जागा नसते. म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सगळ्यात आधी उटीच्या डोंगरी गाडीचं तिकीट काढा आणि बाकीचे दिवस त्या तारखेभोवती बसवा. उलट केलंत तर उटीचं तिकीट मिळणार नाही.

तेव्हा मुंबईहून मद्रास सेंट्रलला उतरून, सामानसुमान घेऊन एग्मोरला जाऊन मीटरगेजची गाडी धरावी लागे. आता मुंबई–नागरकोविल गाडी पुणे-सोलापूरवरून तुम्हाला थेट मदुराईला उतरवते. ती रोज नसते, वार पाहून घ्या.

मदुराईला तीन रात्री द्या, कारण गच्ची आणि तळं दोन्ही इथलीच असण्याची शक्यता जास्त. मीनाक्षी मंदिराभोवती रस्त्यांचे चौकोन एकात एक आहेत आणि त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत: आडी, चित्तिरै, आवणि, मासी. सगळ्यात बाहेरचा तेवढा ‘वेळी’, म्हणजे ‘बाहेरचा’. प्रत्येक चौकोनाला चार बाजू, म्हणजे ‘वेस्ट मासी’, ‘साउथ चित्तिरै’ असे पत्ते. जुने लॉज स्टेशन आणि मंदिर यांच्यामध्ये, पश्चिमेकडे दाटलेले आहेत. गच्चीवरून सगळ्यात जवळ दिसणारं गोपुर पश्चिमेचं की दक्षिणेचं हे ठरवा. दक्षिणेचं सर्वांत उंच. मंदिराभोवती इमारतींच्या उंचीवर निर्बंध असल्याने गच्चीवरून गोपुर आजही दिसतं, ही मोठीच सोय. रंग मात्र जुळवत बसू नका, काही वर्षांनी कुंभाभिषेकाच्या, म्हणजे मंदिराच्या शुद्धी-सोहळ्याच्या वेळी सगळं नव्याने रंगवतात. लॉजचं नाव बदललेलं असू शकतं. नाव विचारण्यापेक्षा फोटो दाखवून ‘एंगे?’ म्हणजे ‘कुठे?’ एवढं विचारलेलं बरं.

तळ्याच्या फोटोत खांबांची ओवरी, पायऱ्या आणि मागे गोपुर असेल तर ते मंदिरातलं पोट्रामरै कुळम. पाण्यात मधोमध सोनेरी कमळ असतं. पाण्याच्या मध्ये बेटावर मंडप असेल तर ते शहराच्या पूर्वेकडचं मारियम्मन तेप्पकुळम, तिथे रिक्षाने जावं लागतं. मंदिर दुपारी बंद असतं, साधारण साडेबारा ते चार. पहाटे जा किंवा संध्याकाळी. दुपारी बाहेरच्या फरशीवर अनवाणी चालवत नाही.

एक नेहमीची फसगत बसस्थानकांची. आठवणीतलं स्थानक शहराच्या मध्यात असतं, आजची बस बाहेरच्या स्थानकावरून सुटते. मदुराईत रामेश्वरची बस माट्टुतावणीहून, कोडैकनालची आरप्पाळयमहून. गावात विचारताना ‘पळय’ म्हणजे जुनं आणि ‘पुदु’ म्हणजे नवं, हे दोन शब्द लक्षात ठेवा. बसच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात, तेव्हा जायच्या गावाचं नाव तमिळ लिपीत कागदावर लिहून जवळ ठेवा. आणि तिकडे पाटीवर ‘हॉटेल’ लिहिलेलं असलं तरी ते बहुधा खानावळ असतं. राहायला ‘लॉज’ किंवा ‘रेसिडेन्सी’ शोधा.

रामेश्वरला बसने जाऊ नका, समुद्रावरची गाडी हीच तर तुमची आठवण. १९१४ चा जुना पूल डिसेंबर २०२२ पासून गाड्यांना बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला. जुन्या पुलाचा मधला भाग दोन पंखांसारखा उघडे. नव्याचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. गाडी जाताना तो खालीच असतो, उघडलेला पाहायचा तर जहाज जायची वेळ जुळावी लागते. पूर्वीचा तो मुंगीचा वेग आणि खडखडाट आता मिळणार नाही, पाणी मात्र तसंच दोन्हीकडे. उजेडात पूल ओलांडणारी गाडी निवडा. रात्रीच्या एक्सप्रेसने गेलात तर काळोखापलीकडे काही दिसत नाही. वारा मर्यादेबाहेर गेला की गाडी थांबवतात, म्हणून त्याच दिवशी पुढचं जोडतिकीट ठेवू नका.

मंदिरातल्या बावीस तीर्थांच्या स्नानाचा क्रम असा: आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग ओल्या कपड्यांनी आत बावीस विहिरींचं पाणी अंगावर, मग कोरडे कपडे, मग दर्शन. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. एकट्या माणसाची अडचण इथेच होते, पिशवी धरायला कोणी नसतं. यावर उपाय एकच: पूर्व गोपुराजवळ चालत जाता येईल असा लॉज घ्या, स्नान करून खोलीवर या, कपडे बदलून पुन्हा जा. दगड निसरडे असतात, घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ द्या. खोली मात्र आधी फोनवर बोलून ठरवा, आधार कार्ड जवळ ठेवा. यात्रेच्या गावांत काही लॉज आणि मंदिरांच्या धर्मशाळा एकट्या माणसाला खोली देत नाहीत, आणि हे दारात गेल्यावर कळतं.

धनुष्कोडी तेव्हा पाहिलं असेल तर वाळूतून, जीप किंवा ट्रकने. २०१७ पासून अरिचलमुनैच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि बस जाते. १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेलं चर्च आणि स्टेशनचे अवशेष वाटेवरच आहेत. सकाळी लवकर निघा. टोकाला सावली नाही आणि संध्याकाळी रस्ता बंद करतात.

रामेश्वर–कन्याकुमारी थेट गाडी रोज नसते. तिचा दिवस जमला नाही तर मदुराईला परत येऊन रोजची गाडी धरणं सोपं. कन्याकुमारीला एक रात्र पुरते. सकाळी आठच्या पहिल्या बोटीसाठी आधी रांगेत उभं राहा, समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. शिलास्मारकापासून पुतळ्यापर्यंत डिसेंबर २०२४ पासून ७७ मीटरचा काचेचा पूल आहे, त्यामुळे पुतळ्यासाठी वेगळ्या बोटीची वाट पाहावी लागत नाही. सूर्यास्तही समुद्रातच दिसल्याचं आठवत असेल तर ती सहल हिवाळ्यातली होती. उन्हाळ्यात सूर्य जमिनीकडे मावळतो. साल काढताना हाही धागा कामाचा.

उटीकडे जाताना एक घोळ हमखास होतो. कन्याकुमारीजवळच्या नागरकोविलहून रात्रीची गाडी सकाळी कोइंबतूरला पोचेपर्यंत मेट्टुपाळयमची ७ वाजून १० मिनिटांची डोंगरी गाडी सुटलेली असते. तेव्हा एक रात्र मेट्टुपाळयमला काढा. दुसरा घोळ याहून वाईट. थेट तिकीट मिळालं नाही की लोक कुन्नूर–उटी एवढाच तुकडा घेतात, आणि दात्यांचा रूळ त्या तुकड्यात नाहीच! तो कल्लार ते कुन्नूर या चढावरच आहे. चढताना इंजिन मागून ढकलतं, हे आठवत असेल तर आठवण अस्सल आहे. एकूण ४६ किलोमीटर, चढायला जवळजवळ पाच तास, उतरायला साडेतीन. चढतानाचं तिकीट नाही मिळालं तर उटीहून दुपारी दोनला उतरणाऱ्या गाडीचं घ्या, दाते त्यातही दिसतात. दरडी पडल्या की गाडी रद्द होते, म्हणून इथे एक मोकळा दिवस राखून ठेवा.

भाड्याच्या मोटारीने उटीला जाणार असाल तर ई-पास काढावा लागतो, सरकारी बसला लागत नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना निलगिरी जिल्ह्यात बंदी आहे, घरून स्टीलची न्या. परतताना उटीहून म्हैसूरची बस सकाळची घ्या. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो आणि उशिरा निघालेल्यांना नाक्यावर अडकून पडावं लागतं. पुढे बंगळूरहून रात्रीची उद्यान एक्सप्रेस सोलापूर-पुण्यावरून मुंबईला येते.