सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलिपिनो लोकांनी आपली ओळख रस्त्यावरच्या कलेतून कशी जपली? नुसत्या चित्रांनी वस्ती टिकते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही टिकत. पण ज्या इमारतीत त्या समाजाची म्हातारीकोतारी माणसं परवडणाऱ्या भाड्यात राहतात, तिच्याच भिंतीवर चित्र असेल, तर दोन्ही एकमेकांना धरून राहतात. सोमा (साउथ ऑफ मार्केट) या सॅन फ्रान्सिस्कोतल्या भागात नोकरी करत असताना मला हे हळूहळू उमगलं.

सोमाच्या आधी शहरात केरनी स्ट्रीटच्या आजूबाजूला फिलिपिनोंचं 'मनिलाटाउन' होतं. शेतांत, बोटींवर, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबून थकलेले फिलिपिनो मजूर, ज्यांना सगळे आदराने 'मानोंग' म्हणत, तिथल्या इंटरनॅशनल हॉटेलच्या खोल्यांत राहायचे. बरेचसे अविवाहित, कारण 1948 पर्यंत कॅलिफोर्नियात त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी होती आणि त्यांच्या देशातून आलेल्या बायका अगदी मोजक्या. 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे हजारो लोकांनी हॉटेलभोवती साखळी धरली, तरी शेकडो पोलिसांनी या म्हाताऱ्यांना बाहेर काढलंच. पुढे इमारतही पाडली. त्याच जागी स्वस्त भाड्याची 104 घरं उभी राहायला 2005 साल उजाडलं.

सोमात मात्र घरं आधी झाली. दिमासालांग हाउस ही वृद्धांसाठीची इमारत एका फिलिपिनो बंधुसंघाच्या पुढाकाराने उभी राहिली. दिमासालांग हे फिलिपिन्सचे राष्ट्रनायक, लेखक होसे रिझाल यांचं टोपणनाव. 1979 मध्ये आसपासच्या गल्ल्यांना रिझाल, माबिनी, बोनिफासिओ, तांदांग सोरा, लापुलापु अशी फिलिपिनो वीरांची नावं मिळाली. मग 1984 मध्ये जोहाना पोएथिग, विसेंते क्लेमेंटे आणि प्रेस्को ताबिओस यांनी त्या इमारतीच्या उंच भिंतीवर 'आंग लिपी नी लापुलापु', म्हणजे लापुलापुचे वंशज, हे चित्र रंगवलं. लापुलापु म्हणजे 1521 मध्ये माक्तान बेटावर ज्याच्या माणसांशी लढताना मॅगेलन मारला गेला तो सरदार. तिथून सुरू झालेली गोष्ट अमेरिकेत येऊन पोचलेल्या माणसांपर्यंत येते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ज्यांची ही गोष्ट आहे ते खालच्या दारातून पिशव्या घेऊन ये-जा करत असतात. इमारतीचं नाव आता सान लोरेन्झो रुइझ सेंटर आहे.

जवळच एक बाग आहे, व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्ह्ज यांच्या नावाची. सोमातच वाढलेल्या या मुलीने 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगची दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याआधी सरावाला जागा मिळावी म्हणून तिला वडिलांचं फिलिपिनो आडनाव झाकून आईच्या माहेरचं 'टेलर' लावावं लागलं होतं. बागेच्या पाटीवर 'मनालो' ठसठशीत लिहिलंय. माझ्या मते तेही सार्वजनिक कलेइतकंच बोलकं आहे.

2016 मध्ये शहराने या भागाला 'सोमा पिलिपिनास' हा सांस्कृतिक वारसा जिल्हा म्हणून मान्यता दिली. नाताळच्या सुमारास इथे पारोल घेऊन मिरवणूक निघते. पारोल म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, कागदाचा चांदणीसारखा दिवा. गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती घरांबाहेरचे तारे पाहिले असतील तर नवल वाटणार नाही.

लॉस एंजेलिसच्या 'हिस्टॉरिक फिलिपिनोटाउन'मध्ये 2022 साली बेव्हर्ली बुलेव्हार्डवर एलिसिओ आर्ट सिल्वा यांनी रचलेली भव्य कमान उभी राहिली, तिच्यातही पारोल आहे. फोटोला झकास. पण तिथे आता लॅटिनो वस्ती जास्त, आणि कमानीखाली कोणी राहत नाही. त्याच चित्रकाराचं 1995 चं भित्तिचित्र तिथल्या युनिदाद पार्कात आहे. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा कमान सोडा आणि ते बघा.

सोमाला जायचं तर मॉस्कोनी सेंटर या मोठ्या अधिवेशन केंद्रापासून रिझाल स्ट्रीट पायी जाण्याइतकी जवळ आहे. दिवसा जा, म्हणजे चित्र नीट दिसेल.