परदेशी टीमबरोबर काम करताना सांस्कृतिक फरकांच्या सिद्धांतांवर किती भरवसा ठेवावा?

तुमचं जर्मन टीमबरोबर काम सुरू होतंय, ट्रेनिंगमध्ये देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे हॉफस्टेड यांचे आकडे दाखवले आणि ते कितपत खरे मानायचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन ग्राहकांची कामं सांभाळतोय. माझं मत असं, की पहिल्या मीटिंगपर्यंत ते जरूर कामाला येतात. पुढे मात्र समोरच्या माणसाकडे बघावं लागतं.

गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवरून हे आकडे काढले. वरच्याच्या हाती जास्त सत्ता असणं लोकांना किती स्वाभाविक वाटतं, या मोजमापात भारत ७७, जर्मनी ३५. त्यातली जर्मनी तेव्हाची पश्चिम जर्मनी. शिवाय हे देशांचे आकडे आहेत, एकेका माणसाला लावू नका, असं खुद्द हॉफस्टेडच सांगत.

उपयोग नक्की आहे. समोरचा 'हे डिझाइन चुकलंय' असं तोंडावर म्हणाला तर तो अपमान नाही, एवढं आधी माहीत असलं तरी नवखं पोरगं दोन दिवस घुमसत बसत नाही.

पण आमच्याकडच्या एका सॉफ्टवेअर टेस्टरचं उदाहरण सांगतो. 'शुक्रवारी रिलीज जमेल ना?' असं जर्मन मॅनेजरने विचारलं की ती गप्प. ग्राहकाकडून लगेच निदान आलं: भारतीय लोक वरिष्ठांना नाही म्हणत नाहीत. हीच मुलगी आमच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, बगच्या नंबरासकट माझं म्हणणं खोडून काढायची! ती दुसऱ्या कंपनीतर्फे कंत्राटावर होती आणि कंत्राट वाढवायचं की नाही, हे कॉलवरचा तोच मॅनेजर ठरवायचा. मग टेस्टिंगचा अंदाज आम्ही मीटिंगच्या आदल्या दिवशी, लेखी, अख्ख्या टीमच्या नावाने पाठवायला लागलो. तिची हरकत त्यात पहिल्याच ओळीत असायची.

तिकडच्या स्पष्टवक्तेपणामागेही कायदा उभा आहे. जर्मनीत दहाहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत सहा महिने झाले की सबळ कारणाशिवाय कामावरून काढता येत नाही. कर्मचाऱ्यांनी निवडलेली कामगार परिषद असेल तर काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावंच लागतं. आपल्या कंत्राटी पोरांच्या पाठीशी यातलं काय असतं? संस्कृतीचा वाटा मी नाकारत नाही, पण नोकरीच्या भीतीला 'भारतीय स्वभाव' म्हटलेलं मला सहन होत नाही. स्वभाव म्हटला की उपाय शोधायची जबाबदारीच संपते.

म्हणून ट्रेनिंगच्या स्लाइड्स वाचाच, पण त्याआधी टीममध्ये कंत्राटी किती जण आहेत आणि त्यांचं कंत्राट वाढवायची सही कोण करतं, ते विचारून घ्या.