शिस्तीच्या देशात माणसे कशी भेटतात: जर्मनीला निघालेल्या एका परिचारिकेस

ताई, स्टुटगार्टजवळच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर तिथे आपले मन रमेल का, आणि जिथे सगळे नियमाने चालते तिथे गेलेली आपली माणसे तरीही उदास का होतात, असे तुम्ही दारव्हा तालुक्यातून विचारले आहे. मी आर्णीकडची असून बरीच वर्षे स्टुटगार्टच्याच भागात राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

शिस्तीचे सुख खरे आहे, ते कमी लेखू नका. ओलिताला वीज दिवसा मिळेल की रात्री, दवाखान्यात डॉक्टर सापडतील की नाही, या काळजीत गावाकडे माणसाचा अर्धा जीव जातो. इथे ती उतरते. (रेल्वेला उशीर मात्र इथेही सर्रास होतो.) पण आपल्याकडे त्याच अडचणींतून माणसे जोडली जातात. पंपाची मोटार जळली की शेजारच्या वावरातला माणूस धावून येतो, एसटी चुकली की कोणाच्या तरी गाडीवर बसून आपण गप्पा करीत घरी पोचतो. इथे रोजच्या अडचणी कमी, त्यामुळे दार वाजवायला कारणही कमी. लोक रुक्ष आहेत म्हणून नव्हे, तर या एका गोष्टीमुळे आपली माणसे एकटी पडतात, असे माझे मत आहे.

म्हणून इथली ओळख इथल्या नियमांतूनच करून घ्यावी लागते. आमच्या भागात जुन्या इमारतींमध्ये ‘केअरवोखे’ची प्रथा अजून आहे. जिना आणि दारापुढची वाट झाडण्याची पाळी प्रत्येक घराकडे आठवडाभर असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. आमच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई पाटी नुसती अडकवून जात नसत, घंटी वाजवून हातात देत, आणि कोपऱ्यात केरसुणी कशी फिरवायची तेही दाखवीत. नव्या माणसाला हे उणे काढल्यासारखे वाटते. पण त्या दोन मिनिटांतच त्यांनी माझ्या मुलांची नावे पाठ केली आणि पुढे आमची टपालाची पार्सले त्याच ठेवून घेऊ लागल्या. तुमच्या दाराला पाटी आली तर ती हसून घ्या.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात; याची सवय लवकर होते. वेळ लागतो तो भेटी ठरवण्याला. इथे न सांगता कोणी कोणाकडे जात नाही, चहाचे निमंत्रणही दोन-तीन आठवडे आधी येते. ते आले की त्याला औपचारिकता समजू नका: तुमच्यासाठी राखलेली ती दुपार सहसा कोणी मोडत नाही. गावोगावी गायनाची, खेळाची, बागकामाची मंडळे असतात, त्यांना ‘फेराइन’ म्हणतात. दर आठवड्याला ठरल्या वारी तीच माणसे भेटतात आणि मैत्री तिथे हळूहळू मुरते. आपल्या मराठी मंडळींत सणवार जरूर करा, पण पहिल्या वर्षी त्यांच्यातच राहाल तर शेजार अनोळखीच राहील.

तुमच्या कामाचा तुम्हाला मोठा आधार आहे, कारण परिचारिकेला दिवसभर माणसांशीच बोलावे लागते. परीक्षेची बी२ (म्हणजे बऱ्यापैकी वरच्या) पातळीची जर्मन मात्र वृद्ध रुग्णांच्या श्वाबियन या इथल्या स्थानिक बोलीपुढे अपुरी पडते. ‘पुन्हा सांगा’ हे वाक्य निःसंकोच वापरा.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मन खचते ते बहुधा तेव्हाच, तेव्हा सुटीच्या दिवशी दुपारी बाहेर पडाच. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो: सकाळपाळी करून तुम्ही अडीचला घरी याल तेव्हा गावी सात वाजलेले असतील, पण रात्री नऊला सुटाल तेव्हा तिथे दीड. निघण्यापूर्वीच आईला पाळ्यांचे हे गणित समजावून द्या, म्हणजे फोन आला नाही तरी त्या जागत बसणार नाहीत.