स्मार्ट थर्मोस्टॅट 'उघडा' दाखवतोय, पण रेडिएटर गारच. नवीन घ्यावा का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की जर्मनीत भाड्याच्या घरात राहता, उन्हाळाभर हीटिंग बंद होतं, आता ॲपमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण उघडा दिसतो, बाकीच्या खोल्या तापतात आणि बेडरूमचा रेडिएटर मात्र गार. आम्हीही इथेच राहतो, आणि ऑक्टोबर लागला की ओळखीपाळखीत हीच तक्रार ऐकू येते. दोष बहुतेक थर्मोस्टॅटमध्ये नसतो, त्याच्या खालच्या पिनमध्ये असतो.

रेडिएटरमध्ये जाणारं गरम पाणी अडवतो तो पाइपवरचा धातूचा व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट म्हणजे त्यावर बसवलेली मोटरची डबी. व्हॉल्व्हमधून एक बारीक पिन बाहेर आलेली असते. थर्मोस्टॅटने ती दाबली की पाणी बंद. सोडली की आतली स्प्रिंग तिला वर ढकलते आणि पाणी सुरू होतं. पिन महिनोन्‌महिने दाबलेलीच राहिली तर तिथेच चिकटून बसते. मग मोटर मागे सरकते, ॲप 'शंभर टक्के उघडा' म्हणतं, पण पिन जागची हललेली नसते.

हे तपासायला रेडिएटरमधलं पाणी काढावं लागत नाही. आधी थर्मोस्टॅट 'बसवण्याच्या' स्थितीत आणून मोटर मागे घ्या, मग रिंग हाताने सोडवून तो काढा. समोर दिसणारी पिन लाकडाच्या सपाट तुकड्याने दाबा आणि सोडा. स्प्रिंग कडक असते, नुसत्या बोटाने करू नका. चांगली पिन काही मिलिमीटर आत जाते आणि सोडताच टुणकन बाहेर येते. अडकलेली आतच राहते. तसं असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूला हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोका, पिनच्या कडेने सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडा आणि पुन्हा दाबत-सोडत राहा. मोकळी झाली की थोड्याच वेळात पाइप हाताला गरम लागेल. पक्कडीने मात्र ती अजिबात ओढू नका. पिन उपटून हातात आली तर मागोमाग गरम पाणी येऊ शकतं.

एवढं करूनही हलली नाही, तर व्हॉल्व्हचा आतला भाग बदलावा लागेल. ते काम स्वतः करू नका. घरमालकाला किंवा हाउसफरवाल्टुंगला (इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीला) लेखी कळवा. भाड्याच्या घरातलं हीटिंग चालू ठेवणं ही त्यांचीच जबाबदारी आहे.

पिन ठीक असेल तर सेल बघा. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे काही थर्मोस्टॅट ते लवकरच 'संपले' असं दाखवतात. साधे १.५ व्होल्टचे अल्कलाइन घाला. परत बसवल्यावर मोटर घुरघुरत पिनचा अंदाज घेते, तेवढा वेळ हात लावू नका.

नवे सेल घालूनही मोटर हलत नसेल, तरच नवीन घ्या. त्याआधी व्हॉल्व्हचा आटा (रिंग जिथे फिरवून बसते तो स्क्रूचा भाग) बघा: इथे बऱ्याच ठिकाणी 'एम ३० × १.५' या मापाचा असतो, पण डॅनफॉस कंपनीच्या काही व्हॉल्व्हना ॲडॅप्टर लागतो. रिंग हातानेच आवळा. घरमालकाचे जुने आकड्यांचे थर्मोस्टॅट जपून ठेवा, घर सोडताना तेच परत बसवावे लागतात.

आणि पुढच्या उन्हाळ्यात सेल काढून ठेवू नका. बरेचसे स्मार्ट थर्मोस्टॅट पिन चिकटू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती आपणहून हलवतात, पण त्यासाठी आत सेल हवेत. इमारतीचं हीटिंग पूर्ण बंद होत असेल तर व्हॉल्व्ह सरळ उघडाच ठेवा.