सुरू, सायकस आणि कुंबळ

गुहागरच्या किनाऱ्यावरच्या सुरूला सुयांसारखी पानं आणि छोटे शंकू असतात. म्हणजे तो पाइनच ना?

नाही. सुरू हे फुलझाड आहे, अक्रोड आणि ओकच्या गोतातलं. सुई म्हणून जी दिसते ती हिरवी, पेरंपेरं असलेली काडी. खरी पानं त्या पेरांवर बारीक दातांसारखी चिकटलेली असतात, भिंगातून बघा. ‘शंकू’ म्हणजे फळांचा घोस. वाळला की चोची उघडतात आणि एकपंखी फळं उडून जातात. पाइनचं बी खवल्यावर उघडंच असतं, त्याला फळाचं आवरण नसतं. झाड अनावृतबीजी (म्हणजे उघड्या बियांचं) ठरतं ते यावरून, सुयांवरून नव्हे.

अंगणातल्या सायकसच्या मधोमध तपकिरी, लोकरीसारखा गड्डा आलाय. कीड आहे का?

कीड नाही, झाड वयात आलंय! ते मादी आहे. नराला उभा, लांबट पिवळसर शंकू येतो. मादीत मात्र लोकरीच्या पानांच्या कडांना बीजांडं (ज्यांची पुढे बी होते) लागतात. जवळपास नर नसेल तर रुजणारं बी धरणार नाही, आणि बुंध्याची पिल्लं लावून उपयोग नाही, तीही मादीच. सायकसचे शुक्राणू पोहतात, हे जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ इकेनो यांनी 1896 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी हिरासे यांना गिंकगो या दुसऱ्या अनावृतबीजी झाडातही ते दिसले. बी धरलंच तर पोरांपासून आणि कुत्र्यांपासून लांब ठेवा, जहाल विषारी असतं.

देवराईतली कुंबळ (काही जण उंबळी म्हणतात) पाइनची नातलग, असं मास्तर म्हणाले. पानं तर जांभळीसारखी रुंद आहेत!

मास्तर बरोबर आहेत. कुंबळ म्हणजे नीटम, आपल्या रानातली मला सर्वांत आवडती वेल. जाळीदार शिरांची रुंद पानं, खोडात फुलझाडांसारख्या वाहिन्या. म्हणून पूर्वी अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ हिला फुलझाडांची सख्खी बहीण समजत. डीएनएच्या अभ्यासाने तिला पाइन-देवदारांच्या जवळ नेऊन बसवलं. पिकलेलं नारिंगी ‘फळ’ हे गरदार कवचाचं बी आहे.

रत्नागिरीच्या कातळात ग्लॉसोप्टेरिसचे ठसे मिळतील का?

नाही. कोकणचा कातळ बहुतांशी 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, जांभाही त्याच्याच झिजेतला. ही नामशेष अनावृतबीजी झाडं 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीची. त्यासाठी चंद्रपूरकडे जावं लागेल. तिथेही कोळशापेक्षा त्याच्यालगतच्या पातळ शेलमध्ये (चिखलाच्या थरांपासून झालेल्या खडकात) जिभेच्या आकाराची पानं जास्त स्पष्ट दिसतात.