सुपरमॅन बॅटमॅन बनून फिरतो तो कार्टूनचा एपिसोड कोणता? आणि समोरच्या एकालाही कळत कसं नाही?

एपिसोडचं नाव 'नाइट टाइम' (इंग्रजीत Knight Time). 'सुपरमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'मधला, अमेरिकेत 10 ऑक्टोबर 1998 ला पहिल्यांदा लागला. बॅटमॅन गायब झालाय, त्याच्या गॉथम शहरातल्या गुंडांना रान मोकळं, म्हणून सुपरमॅन त्याच्या मेट्रोपोलिस शहरातून येतो, बॅटमॅनचा सूट चढवतो आणि बॅटमॅनचा साथीदार रॉबिन ह्याला घेऊन रात्रभर फिरतो. ब्रूस वेन, म्हणजे मास्कच्या आतला खरा बॅटमॅन, त्याच्या डोक्याचा ताबा सुपरमॅनचा शत्रू ब्रेनिॲक, परग्रहावरचा कॉम्प्युटर, ह्याने घेतलेला असतो आणि तो त्याच्याकडून पृथ्वी सोडून जायला यान बांधून घेत असतो. सुरुवातीला संशय मॅड हॅटरवर जातो, हा लोकांच्या डोक्याचा ताबा घेणारा बॅटमॅनचा व्हिलन. पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

पण तुम्ही खाली जे लिहिलंय ना, "नुसता आवाज काढला आणि कपडे घातले की कुणी पण बॅटमॅन होतो काय, काहीतरीच दाखवतात", त्याच्यासाठी मी रात्री साडेअकराला टाइप करत बसलोय. 'नुसता आवाज' हे मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकतोय की अनोळखी माणसाने लिहिलं तरी झोंबलं.

आमचा सांगली साईडला मांडव डेकोरेशनचा धंदा. धंदा दादाचा, मी तेव्हा बीकॉमला. माझा आणि दादाचा आवाज फोनवर सेम टू सेम, आई पण फसायची. ऐन लग्नसराईत दादाला कावीळ झाली, डॉक्टरांनी सक्त सांगितलं झोपून राहायचं, आणि आईने फोन त्याच्या खोलीतून उचलून बाहेर आणला. आता लग्नसराईत डेकोरेटर आजारी पडलाय हे बाहेर कळलं की काय होतं ते धंद्यातल्याला सांगायला नको, पार्ट्या ॲडव्हान्स परत मागतात आणि शेजारच्या गावचा डेकोरेटर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभा असतो. म्हणून ठरलं की फोन मी घ्यायचा, दादा म्हणून.

पहिलाच फोन एका नवरीच्या मामांचा, शंभर खुर्च्या वाढवून पाहिजेत. मी म्हटलं, "हो मामा, नक्की पाठवतो, काही काळजी करू नका, थँक्यू." आमचे मुकादम तात्या बाजूला झालर घडी करत बसले होते, त्यांनी कपाळाला हात लावला. "आसं नाय बोलायचं. मालक आजपातूर कुणाला थँक्यू म्हणल्यात का? 'बघतो' म्हणायचं आन फोन ठिवायचा. खुर्च्या द्यायच्याच हायत, पण आदी 'बघतो'." आवाज शंभर टक्के दादाचा होता हो, माणूस दादा नव्हता. मामांना काय कळलं नाही, तात्यांना एका वाक्यात कळलं.

आता एपिसोडकडे या. सुपरमॅनला आवाज काढायला काहीच कष्ट पडत नाहीत, स्नायूंवर कंट्रोल आहे म्हणतो आणि बोलायला लागतो, आणि त्या वेळी आपल्याला ऐकू येतो तो केविन कॉनरॉयचा आवाज, म्हणजे खरा बॅटमॅनवालाच. सुपरमॅनचा नेहमीचा आवाज टिम डेलीचा. कॉनरॉय 1992 पासून बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये बॅटमॅनचा आवाज करत होता, ब्रूस वेनला वेगळा आणि बॅटमॅनला वेगळा आवाज द्यायचा, आणि इथे त्याला एक चांगला माणूस बॅटमॅनचा आवाज काढतोय असा तिसराच प्रकार करायला मिळाला. माझ्या मते त्या एपिसोडमधलं सगळ्यात अवघड काम हे होतं आणि लोक बोलतात फक्त फायटिंगबद्दल. कॉनरॉय 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेला, त्यानंतर मी तो एपिसोड परत लावला तर अर्धा वेळ डोळे मिटून नुसतं ऐकत होतो.

तर आवाज जमला, सूट जमला (ह्या कार्टूनमधली पात्रं आखणाऱ्या ब्रूस टिमच्या ड्रॉइंगमध्ये सगळ्या हिरोंची हनुवटी आणि खांदे एकाच साच्यातले, त्यामुळे सूटचं काही विशेष नाही), पण सुपरमॅनचा स्वभाव मूळचा सरळ. समोरच्याला धाक कसा दाखवायचा, कुठे गप्प बसायचं, हे रॉबिन त्याला शिकवतो. हा रॉबिन म्हणजे टिम ड्रेक, शाळकरी पोरगं, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला बॅटमॅन कसं व्हायचं ते सांगतंय. त्या एपिसोडमधला खरा बॅटमॅन रॉबिनच आहे, हे माझं ठाम मत, वाद घालायचा असेल त्यांनी घाला. आमच्याकडे तो तात्या होता.

आणि तुमचं "व्हिलनला कळत कसं नाही" म्हणाल तर, बेन नावाच्या धिप्पाड व्हिलनशी मारामारी होते ना तिथे बघा. कॉमिक्समध्ये ह्याच बेनने 1993 साली बॅटमॅनची पाठ मोडली होती. इथे तो जीव तोडून मारतोय आणि समोरचा हलतसुद्धा नाही. ह्यावर बेन काय विचार करणार, की हा आत दुसराच कोणीतरी आहे? नाही. तो म्हणणार बॅटमॅन आज भलताच चढलाय. लोक आधीच घाबरलेले असतात आणि घाबरलेला माणूस चौकशा करत नाही. फोनवर पण तसंच, पार्टीला दादा पाहिजे असतो, मग दादाच ऐकू येतो.

आता आमचे भावोजी. त्या सीझननंतर बारशाला सगळे जमले होते, जेवताना विषय निघाला तर भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याने केलं काय, नुसता आवाज काढला, कामं तर भाऊच्या नावावर झाली." आणि सगळे हसले. दादा पण हसला. ते वाक्य अजून दर दिवाळीला निघतं.

अहो एका तारखेला दोन लग्नं होती, दोन्हीकडे आमच्याच गाद्या आणि लोड लिहून दिलेले, कारण दादा हिशोब डोक्यात ठेवतो, वहीत नाही. दादाच्या नावाने गाद्या डबल होतात का? मी रात्रभर बसून वही तयार केली, कुठलं लग्न सकाळच्या मुहूर्ताचं, कुठलं गोरज मुहूर्ताचं, कुठला टेम्पो दुपारी रिकामा होतो, सगळं मांडलं आणि सकाळच्या लग्नातल्या गाद्या जेवणं उरकल्या उरकल्या उचलून तशाच संध्याकाळच्या मांडवात टाकल्या. जनरेटरवाला आयत्या वेळी नाही म्हणाला त्याला दादाच्या आवाजात झापलं हे खरं, पण झापून तो आला नाही, मागची थकलेली बाकी मी वहीत शोधून चुकती केली म्हणून आला. सुपरमॅन केप घालून उडतो तेव्हा उडणं त्याचं स्वतःचं असतं, बॅटमॅनकडे ते नाहीये. नाव दुसऱ्याचं वापरलं म्हणून कष्ट पण दुसऱ्याचे होत नाहीत. भावोजींना हे अजून कळलेलं नाही.

बरं, हेही सांगतो की प्रत्यक्ष मांडवावर मी गेलो नाही, तोंड बघितलं असतं तर सगळं फुटलं असतं, तिथे तात्याच उभे होते. आणि नाव नसतं तर फोनच आला नसता, एवढं भावोजींचं मान्य. पण एवढंच.

तुम्हाला हा प्रकार नवीन वाटत असेल तर नाहीये. 1954 मध्ये 'वर्ल्ड्स फाइनेस्ट' कॉमिकमध्ये दोघांच्या एकत्र गोष्टी नियमित सुरू झाल्या त्याची पहिलीच गोष्ट बॅटमॅन सुपरमॅनचा डबल बनतो अशी आहे, क्लार्क केंट हाच सुपरमॅन हा पत्रकार लोइस लेनचा संशय घालवायला. म्हणजे सोंग घेणं ह्या जोडीत पहिल्यापासून आहे. फक्त तिथे उलटं, साधा माणूस सुपरमॅन बनतोय, आणि ते मला जास्त अवघड वाटतं.

बघायचाच असेल तर आधी सुपरमॅनच्या ह्याच कार्टून सिरीजमधला 1997 चा तीन भागांचा 'वर्ल्ड्स फाइनेस्ट' बघा. त्यात सुपरमॅन एक्स-रे नजरेने मास्कच्या आतला ब्रूस वेन बघतो आणि बॅटमॅन त्याच्या केपला ट्रॅकर चिकटवून क्लार्क केंटच्या घरापर्यंत पोचतो. ते दोघं एकमेकांना ओळखतात कसे हे त्याच्याशिवाय कळणार नाही. मग 'नाइट टाइम' लावा, वीस-बावीस मिनिटांचा आहे. लहान मुलांना चालेल का असं तुम्ही विचारलंय, माझ्या पुतण्याने पाचवीत असताना बघितला, त्याला बेन आवडला.

आणि भावोजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहितीये. ती वही माझ्या कपाटात आहे, कधीही या आणि बघा.